कळसूबाईच्या लेकींचं बियाणं

वालाचं बी राखायचं असेल तर वेलावरच्या सगळ्यात भरदार शेंगांना हात लावायचा नाही. भाजीला त्या कितीही मोहात पाडत असल्या तरी त्या वेलावरच वाळू द्यायच्या. नंतर अंगणात ऊन दाखवून दाणे मोकळे करायचे. किडका, सुरकुतलेला, वेगळ्याच रंगाचा दाणा निवडून बाजूला टाकायचा. उरलेल्या बियांना चुलीतली चाळलेली राख चोळायची, त्या कोरड्या मडक्यात भरायच्या, वर कडुनिंबाचा पाला दाबायचा आणि मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. भातासाठी शेणानं सारवलेली बांबूची कणगी. मक्याची कणसं चुलीच्या वर आढ्याला टांगलेली, म्हणजे धुरानं कीड लागत नाही. हे सगळं पाऊस तोंडावर यायच्या आधी उरकायचं आणि मृगात मडकं फोडायचं.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीला टेकलेल्या अकोले तालुक्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं आहे. नांगर धरायचा पुरुषानं. बी निवडायचं आणि जपायचं बाईनं. कोणत्या खाचरात कोणता भात, कोणत्या उतारावर नाचणी, कुठं वरई आणि खुरासणी, कुठल्या कुंपणावर कोणता घेवडा चढवायचा हे आई लेकीला दाखवायची, सासू सुनेला सांगायची. लेक सासरी निघाली की माहेरचं एखादं बी पदराला बांधून न्यायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. म्हणूनच ते किती मोलाचं आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही आणि ते संपत चाललं तेव्हाही कुठं ओरड झाली नाही.

कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांच्या ध्यानात आलं. 1964 साली महादेव कोळी समाजातल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली, शाळेचं तोंड पाहायला मिळालं नाही. वडिलांबरोबर शेतात राबताना जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच त्यांचं शिक्षण. लग्नानंतरही कोरडवाहू जमिनीवर भागत नव्हतं, म्हणून पावसाळा सरला की अकोल्याच्या अगस्ती साखर कारखान्याकडे मजुरीसाठी जावं लागे. हा अनुभव त्यांच्या एकटीचा नाही. आवणी उरकली की नारायणगावच्या मजुरांच्या बाजारात उभं राहायचं, भाजीपाल्याच्या नाहीतर द्राक्षांच्या मळ्यात रोजानं जायचं, हे अकोल्याच्या आदिवासी घरांचं ठरलेलं वर्ष आहे.

या काळात गावात पिशवीतलं बियाणं आलं. उत्पन्न जास्त, म्हणून लोकांनी ते आनंदानं घेतलं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. पोट भरायचं होतं. पण संकरित बियाण्याची एक गोष्ट दोन-तीन हंगामांनंतरच कळते. त्याच्या पिकातून धरलेलं बी दुसऱ्या वर्षी पेरलं तर एकसारखं पीक येत नाही. दोन वेगळ्या पालकांचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात, काही रोपं उंच, काही बुटकी, काही वांझोटी निघतात. म्हणजे दर जूनला दुकानाची पायरी चढणं आलं. बी विकत आलं की त्याला खतही विकतचं लागतं, औषधही लागतं. बी निवडणारी बाई या व्यवहारातून अलगद बाहेर पडली. दुकानात जाणार पुरुष, उधारी करणार पुरुष, पिशवीवरचं वाचून बघणार शाळेत गेलेला मुलगा. घरातल्या म्हातारीला विचारायचं कारणच उरलं नाही.

राहीबाईंनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की, त्यांचा नातू वारंवार आजारी पडू लागला आणि त्याचं कारण त्यांना औषधं मारलेल्या विकतच्या भाज्यांमध्ये दिसलं. तेव्हापासून त्यांनी जुनं बी गोळा करायला घेतलं. कोणाच्या कुंपणावर एखादा जुना घेवडा तग धरून होता, कोणा म्हातारीकडे मडक्याच्या तळाशी मूठभर भात उरला होता. घरोघरी जाऊन, पाहुण्यांकडे विचारून, यात्रेच्या गर्दीत चौकशी करून त्या बी जमवत गेल्या. सुरुवातीला लोकांनी हसण्यावारी नेलं. अडाणी बाई, जुनंपानं गोळा करते, दुसरं काय.

पुढं बायफ या संस्थेचे कार्यकर्ते या भागात काम करताना त्यांच्यापर्यंत पोहोचले. मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळी कांचन इथं उभी केलेली ही संस्था. तिच्या माणसांनी राहीबाईंना बियाणं राखायला शिकवलं नाही. ते त्यांना येतच होतं. संस्थेनं नोंदी ठेवायची पद्धत दिली, रोपवाटिका आणि परसातल्या कोंबड्या दिल्या, भात लावण्याच्या सुधारलेल्या पद्धती दाखवल्या आणि मुख्य म्हणजे घरातल्या मडक्यांना बियाणे बँकेचं रूप दिलं. कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती त्यातूनच उभी राहिली. राहीबाईंनी पडीक जमीन लागवडीखाली आणली, पाणी अडवायला शेततळं आणि जलकुंड केलं. त्यांच्या संग्रहाच्या ज्या नोंदी सर्वदूर पोहोचल्या त्यांत 17 पिकांचे 43 वाण होते : भात, नाचणी, वरई, डाळी, तेलबिया, भाज्या आणि वालाचे कितीतरी प्रकार.

या बँकेचा व्यवहार सोपा आहे. हंगामाला बी न्यायचं आणि पीक आल्यावर दुप्पट परत करायचं. गहाण नाही, कागद नाही. परत आलेलं बी दुसऱ्या कोणाच्या तरी शेतात जातं. ज्यानं नेलं त्याला ते नीट राखून, निवडून परत द्यावं लागतं, म्हणजे राखण्याची विद्याही आपोआप त्या घरात पुन्हा शिरते. या परतफेडीच्या अटीत राहीबाईंचं खरं शहाणपण आहे. नुसतं वाटून टाकलं असतं तर चार वर्षांत सगळं पुन्हा मडक्याच्या तळाला गेलं असतं.

मग बाहेरच्या जगानं दखल घेतली. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांचा ‘बीजमाता’ म्हणून गौरव केला आणि तेच नाव रूढ झालं. 2018 साली बीबीसीनं जगभरातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांना घेतलं. 8 मार्च 2019 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. 2020 च्या प्रजासत्ताकदिनी पद्मश्री जाहीर झाली; करोनामुळे तो सोहळा लांबला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये राष्ट्रपती भवनात नऊवारी लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन राहीबाईंनी तो सन्मान स्वीकारला.

हा पेहराव महत्त्वाचा आहे. मोठ्या सभागृहात बोलायला उभं राहायचं तर भाषा बदलायची, साडी नेसण्याची पद्धत बदलायची, आडनावाआधी थोडं थांबायचं, ही सवय आदिवासी मुलींना शाळेपासून लागते. वसतिगृहात राहून शिकलेल्या किती मुलींनी आपली बोली गावाच्या वेशीवर ठेवली असेल! राहीबाई विद्यापीठांत, परिषदांत, शेतकरी मेळाव्यांत आपल्या अकोल्याच्या बोलीतच बोलतात. ऐकणाऱ्यांत कृषी पदवीधर असतात, अधिकारी असतात. याच जिल्ह्यात 1968 पासून राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि त्याआधी 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतीतलं ज्ञान म्हणजे कारखाना, कालवा आणि विद्यापीठ, असं या जिल्ह्याचं चित्र अर्धं शतक होतं. त्या चित्रात डोंगराकडची बाई मजूर म्हणून होती. ती जाणकार म्हणून पुढे आली ती आपल्याच बोलीत, आपल्याच पोशाखात आणि आपल्याच कामाच्या जोरावर.

अकोल्याच्या डोंगरांत मानी बाईची गोष्ट जुनीच आहे. 1646 मीटर उंचीचं कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या सीमेवर. लोककथा सांगते की कळसू ही कोळ्याची पोर. पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण आधी अट घातली : खरकटी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एके दिवशी घरी पाहुणे आले, कोणीतरी तिला भांडी घासायला लावली. कळसूनं काम केलं आणि तडक डोंगर चढून गेली, ती पुन्हा खाली उतरलीच नाही. थाळेमेळ आणि काळदरा या जागा आजही त्या कथेशी जोडून दाखवतात. नवरात्रात माथ्यावरच्या इवल्याशा देवळाकडे माणसांची रीघ लागते. मोलकरणीनं घातलेली अट मोडली म्हणून उठून गेलेली मुलगी एका समाजानं देवी मानली, ही साधी गोष्ट नाही. बियाणे समितीला तिचं नाव आहे, हे शोभून दिसतं.

इतिहासात मात्र या समाजाच्या बायकांची नावं फारशी उरलेली नाहीत. देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकारशाही आणि इंग्रजांविरुद्ध बंड केलं आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली, हे अकोल्यात शाळकरी पोरही सांगतं. त्या बंडाला भाकर कोणी पुरवली, रानात लपलेल्यांसाठी धान्य कुठल्या कणगीतून निघालं, हे सांगणारं कोणी नाही. अशा परिस्थितीत बायकांचा इतिहास त्यांच्या कामातूनच वाचावा लागतो. काळसर टरफलाचा सुवासिक काळभात, रायभोग, जिरवेल हे वाण आपोआप तयार झालेले नाहीत. शेकडो हंगाम कोणीतरी उभ्या पिकातून चांगली लोंबी निवडली, वास पाहिला, दाणा दाताखाली फोडून पाहिला आणि पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवली. वनस्पतिशास्त्र ज्याला निवड पद्धत म्हणतं ती हीच.

यातल्या पिकांचं शहराशी नातं आहे, फक्त शहराला त्याची ओळख नाही. उपवासाला लागणारी भगर ही डोंगरउतारावरची वरई. खुरासणीचं पिवळं फूल दिवाळीच्या सुमाराला अकोल्याचे उतार रंगवतं. तिचं तेल आणि चटणी हे इथलं रोजचं खाणं. पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, चाई, फांदी, टाकळा अशा रानभाज्या घरात येतात. कोणती कोवळी असतानाच खायची, कोणती आधी उकडून पाणी टाकायचं, कोणती बाळंतिणीला द्यायची, हे सांगणारी घरातली बाईच. एका पिढीनं हे सांगणं बंद केलं की पोरांच्या ताटातून रानभाजी जाते आणि मग पोषणासाठी बाहेरून पाकिटं आणावी लागतात. म्हणूनच राहीबाईंनी परसबागेच्या भाजीपाल्याचं बी बायकांच्या हाती देण्यावर भर दिला. घरामागचा तुकडा बाईच्या ताब्यात असतो. तिथं काय पेरायचं हे विचारायला तिला कोणाकडे जावं लागत नाही.

ही कहाणी महाराष्ट्रापुरती नाही, आणि तिची एक तार थेट फिलिपाइन्सला जाते. मनिलाजवळ लॉस बान्योस इथं 1960 साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था सुरू झाली. 1966 मध्ये तिनं आयआर-8 हा बुटका, भरघोस पिकणारा भात दिला. दुष्काळाच्या छायेत असलेल्या आशियाला त्यानं मोठा आधार दिला, हे मान्य करायलाच हवं. त्याच लाटेत आशियाभरचे हजारो जुने भात मागे पडले, फिलिपाइन्सचे स्वतःचेही. तिथल्या शेतकऱ्यांनी 1986 साली शास्त्रज्ञांच्या सोबतीनं मासिपाग हे जाळं उभं केलं आणि जुने वाण पुन्हा शेतात आणायला सुरुवात केली.

उत्तर फिलिपाइन्सच्या डोंगरांत इफुगाव समाज डोंगर कोरून केलेल्या पायऱ्यांच्या खाचरांत भात पिकवतो. ही खाचरं 1995 साली जागतिक वारशात गेली. कापणीच्या वेळी तिथं ‘हुधुद’ नावाची लांबलचक गाथा गातात आणि ती पुढे होऊन गाणारी बहुधा वयस्क बाई असते. भात राखणारी आणि गाथा राखणारी बाई एकच. जात्यावर दळताना ओव्या रचणाऱ्या मराठी बायकांना यात वेगळं काही वाटणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून अशा लाखभर ओव्या जमवल्या. गिरण्या आल्या नसत्या तर त्या जात्याच्या घरघरीतच राहिल्या असत्या, आणि जमवल्या नसत्या तर जात्याबरोबर संपल्या असत्या.

त्याच डोंगरांतल्या कलिंगा प्रांतात वांग-ओद ही वृद्ध बाई काट्यानं आणि काजळीनं पारंपरिक गोंदण काढते. हे गोंदण एकेकाळी मागासपणाची खूण मानलं गेलं होतं. एप्रिल 2023 मध्ये वयाच्या 106 व्या वर्षी ‘वोग’ मासिकाच्या फिलिपाइन्स आवृत्तीनं तिला मुखपृष्ठावर घेतलं. आपली कला तिनं घराण्यातल्या नातींना शिकवली आहे. शहरात वाढलेल्या फिलिपिनो तरुणी दूरदूरहून डोंगर चढून तिच्याकडे येतात आणि अंगावर ती खूण घेऊन परततात. आपल्याकडे आजीच्या हातावरचं हिरवं गोंदण पाहून लाजणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या; त्या आजीला या भेटीगाठींचं नवल वाटलं नसतं, आनंद झाला असता.

पुरस्कार आणि मुखपृष्ठं यांनी मान मिळतो, पोट भरत नाही, आणि हे अकोल्यात कोणी लपवत नाही. जुन्या भाताचं उत्पन्न संकरितापेक्षा कमी असतं. त्याला खत-औषधाचा खर्च कमी, चव सरस, पाण्याचा ताण सोसण्याची ताकद बरी. तरीही व्यापारी पोत्याच्या भावानं मोजतो, चवीच्या नाही. तरुण सुनेनं मजुरी सोडून बी राखत बसावं अशी अपेक्षा करायची असेल तर त्या बियाण्याला आणि त्या तांदळाला योग्य दाम मिळायला हवा. नुसत्या अभिमानावर तिला घरी थांबवणं अन्यायाचं होईल. संस्कृती जपण्याचा भार नेहमी बाईच्याच डोक्यावर ठेवला जातो, आणि कमाईचा हिशेब मात्र घरातला पुरुष ठेवतो. बियाण्याचं किट विकलं गेलं की पैसे बचत गटाच्या, बाईच्या खात्यात येणं म्हणून फार मोलाचं ठरतं.

दुसरा प्रश्न कागदाचा. बी बाईनं राखलं तरी सातबाऱ्यावर नाव बहुतेक ठिकाणी नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या आंदोलनातून बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून देण्याची हाक दिली. हजारो घरांनी ती ऐकली, पण गावोगाव अजून ते काम अर्धवट आहे. शेतकरी म्हणून नोंद नसली की पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई नाही.

बियाण्याच्या बाबतीत मात्र कायदा बराच पुढे आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क दिला. अट एवढीच की संरक्षित वाणाचं बी कंपनीच्या छापाखाली विकायचं नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाणाची त्यांच्या नावानं नोंदणी करता येते. त्या वाणावरून कंपनीनं नवं बियाणं काढलं तर लाभात वाटा मागता येतो. अशा नोंदणीसाठी वाणाची उंची, फुलोऱ्याचा काळ, दाण्याचा रंग, वास अशा तपशिलांची माहिती द्यावी लागते. ही माहिती ज्यांच्या बोटांवर आहे त्या बायकांना अर्ज भरता येत नाही, आणि ज्यांना अर्ज भरता येतो त्यांना काळभात आणि रायभोग यांच्या रोपांतला फरक ओळखता येत नाही. दोघांना एका ओसरीवर बसवण्याचं काम संस्थांनी आणि कृषी खात्यानं करायचं आहे.

एप्रिल 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं महाराष्ट्र जनुक कोष प्रकल्पाला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी 172.39 कोटी रुपये, आणि विषयांत स्थानिक पीक वाणांचाही समावेश. शीतगृहातल्या कोषात बी वर्षानुवर्षं टिकतं, पण जसं ठेवलं तसंच राहतं. शेतात पेरलेलं बी दर हंगामाला नव्या पावसाशी, नव्या किडीशी झगडून थोडंथोडं बदलत जातं. हवामानाचा लहरीपणा वाढत असताना या दुसऱ्या प्रकारच्या जतनाची गरज जास्त आहे, आणि ते प्रयोगशाळेत होत नाही. त्यासाठी कोंभाळण्यासारख्या गावांत खाचरं लागतात, जूनच्या आत लिंपलेली मडकी लागतात आणि लोंबी हातात घेऊन ही ठेवायची, ही नाही, असं ठामपणे सांगणारी बाई लागते. या प्रकल्पाच्या पैशातून त्या निवडीचा मोबदला बायकांच्या हातात पडेल का, आणि वाणाच्या नोंदीत तो राखणाऱ्या बाईचं नाव लिहिलं जाईल का, हे अकोल्याच्या बियाणे समितीनं आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयानं हंगाम संपायच्या आत एकमेकांना विचारायला हवं.